सांडपाण्यावरचा गलांडा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

स्वयंपाक उरकला असेल आणि भांडी व्हायची असतील, तर भांडी घासता घासता ऐका. कारण आज आम्ही बोलणार आहोत ते त्या भांड्यांच्या पाण्याबद्दलही आहे. विषय फुलाचा आहे, गलांड्याचा. पण सोलापूर जिल्ह्यात फुलाचा विषय काढला की तो आधी पाण्यावर येतो.

गटाच्या बैठकीत परसबागेचं बोलणं निघालं की वांगी, दोडका, मेथी, शेवगा या नावांना सगळ्यांच्या माना हलतात. फुलं म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, "बाई, प्यायचं पाणी आणताना चुंबळ झिजली, फुलाला कुठून घालू?" हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात परतीच्या वाटेवर पडतो. मृगात दोन सरी आल्या की पुढं महिनाभर आभाळाकडे बघत बसायचं. उजनी भरल्याची बातमी येते, पण वाडीवस्तीच्या टोकाच्या नळाला ती पोचतेच असं नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आज्या अजून आपल्या गटांमध्ये आहेत, त्यांना पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. आणि ते पाणी डोक्यावरून घरात आणायचं काम कुणाकडं असतं, हे रेडिओवरून सांगायची गरज नाही.

म्हणून आमच्या गटानं एक ठरवून टाकलं आहे. ज्या फुलासाठी बाईला एक जादा खेप करावी लागते, ते फूल दारात नको. मग ते कितीही सुंदर असो. या अटीत बसणारी फुलं फार थोडी. गुलाब बसत नाही, शेवंती बसत नाही. झेंडू कसाबसा बसतो, पण त्याचं फूल एका हंगामात येतं आणि सरतं. गलांडा मात्र बसतो. नुसता बसत नाही, जास्त पाणी दिलं तर रुसतो.

गलांडा सगळ्यांनी पाहिलेला आहे. देवळाबाहेरच्या हारात, लग्नाच्या मांडवाच्या तोरणात, सत्काराच्या हारात लाल-पिवळं, कडेला कातरल्यासारख्या पाकळ्यांचं जे फूल असतं तेच हे. बियाण्याच्या पुडीवर गॅलार्डिया असं लिहिलेलं असतं. फ्रान्समध्ये गायार नावाचे एक न्यायाधीश होते, त्यांना झाडांची आवड, त्यांच्या नावावरून ते नाव पडलं. झाड मूळचं अमेरिकेच्या दक्षिण भागातलं आणि मेक्सिकोतलं, तिथल्या कोरड्या माळावरचं. आपल्या माळावर त्याला परकं वाटलं नसणार. त्याच्यात दोन तऱ्हा दिसतात. एक पिक्टा म्हणतात ती, एकेरी पाकळ्यांची, मध्ये तपकिरी गोल डोळा असलेली. दुसरी लोरेन्झियाना, तिचं फूल गच्च भरलेलं, चेंडूसारखं. हारासाठी दुसरी चांगली, कारण तिचं फूल ओवल्यावर जागेवर बसतं. दारात शोभेसाठी आम्हाला विचाराल तर एकेरीच जास्त देखणी.

मध्यंतरी गटातल्या पोरींनी मोबाइलवर एका फुलाचे फोटो पाहिले. जांभळ्या पाकळ्या खाली झुकलेल्या, मध्ये तांबूस-केशरी काटेरी बोंड वर आलेलं. कोनफ्लॉवर त्याचं नाव, शास्त्रातलं नाव एकिनेशिया. ते नाव ग्रीक भाषेतल्या साळिंदरासारख्या काटेरी प्राण्याच्या नावावरून आलं आहे, आणि ते बोंड पाहिलं की पटतं. "ताई, हे आपल्याकडे येईल का?" असं विचारलं त्यांनी. तर सांगतो. ते फूलही अमेरिकेचंच, तिथल्या गवताळ माळांवरचं. तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याची मुळी घशाच्या आणि दाताच्या दुखण्यावर वापरली, आजही सर्दीसाठी त्याच्या गोळ्या विकल्या जातात. पण ते झाड थंडीच्या मुलखात वाढलेलं. तिथं हिवाळ्यात बर्फ पडतं, आणि पुष्कळ जातींच्या बियांना ती थंडी ओलाव्यात मिळाली तरच त्या नीट उगवतात. म्हणून लोक ओल्या वाळूत बी घालून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात. त्यातून उगवलं तर बहुतेक वेळा पहिलं वर्ष नुसत्या पानांचं, फूल दुसऱ्या वर्षी. आपला मे महिना तर तुम्हाला माहीतच आहे, पारा चाळीसच्या वर जाऊन बसतो. हौस म्हणून कुणी एका कुंडीत सावलीच्या कडेला लावून बघत असेल तर जरूर बघावं. पण गटानं वाफा घालायचा तर त्याच सूर्यफुलाच्या कुळातला, त्याच माळावरचा, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला भाऊबंद घरात आहे. त्याचं नाव गलांडा.

आता पाण्याचा हिशेब करू. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढा वाफा धरा. त्यात दीड फुटावर एक अशा दोन ओळी, ओळीत फुटाफुटावर रोप, म्हणजे वीस झाडं. एका घराला वीस झाडं पुष्कळ. झाड मूळ धरून उभं राहिलं की हिवाळ्यात दर चार-पाच दिवसांनी झाडाला एक तांब्या पाणी पुरतं. वीस झाडांचे वीस तांबे, म्हणजे साधारण दीड बादली, तीही आठवड्यातून फार तर दोनदा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड द्यावं लागतं. पावसाळ्यात पाऊस लागून राहिला तर काहीच नको. आता सांगा, आपल्या मोरीतून रोज किती पाणी वाहून जातं? तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, हातपाय धुतलेलं, भांडी विसळलेलं. त्यातलं अर्धं जरी अडवलं तरी हा वाफा भागतो. ज्यांच्या मोरीचं पाणी गल्लीत जाऊन डबकं होतं आणि त्यावरून शेजारणीशी बोलाचाली होते, त्यांना तर दुहेरी फायदा.

सगळं सांडपाणी मात्र सारखं नसतं. तांदूळ-डाळीचं पाणी सगळ्यात चांगलं, ते सरळ झाडाच्या बुडाशी. आंघोळीचं चालतं. भांड्यांचं पहिलं तेलकट-खरकटं पाणी नको, त्यानं मुंग्या-किडे येतात आणि मातीवर थर धरतो. विसळलेलं दुसरं पाणी घ्या. कपड्यांच्या पावडरीचं फेसाळ पाणी तर अजिबात नको. त्यात सोडा असतो, आणि आपली काळी माती आधीच क्षार धरून ठेवणारी. त्या पाण्यानं माती वर पांढरी दिसायला लागते आणि पुढं तिथं गवतसुद्धा नीट येत नाही. कपड्यांचं शेवटचं, स्वच्छ विसळणीचं पाणी असेल तर तेवढं चालेल. मोरीच्या तोंडाशी एक जुनी बादली किंवा अर्धा कापलेला डबा ठेवा, पाणी त्यात साठवा, त्याच दिवशी वापरून टाका. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं तर वास येतो आणि डास होतात. तांब्यानं द्यायचं, तेही बुडाशी. वरून पानांवर, फुलांवर ओतायचं नाही.

जागा कशी निवडायची? ऊन हवं, दिवसाचे सहा तास तरी. कडुलिंबाखाली, भिंतीच्या सावलीत झाड लांबट होतं आणि फुलं थोडी येतात. मातीचं म्हणाल तर ज्यांच्या घरामागं मुरमाड जमीन आहे, जिथं भाजी नीट येत नाही म्हणून रिकामी पडली आहे, तिथं गलांडा आनंदानं येतो. काळीची जमीन असणाऱ्यांनी जास्त सांभाळायचं. ऐकायला उलटं वाटतं ना? पण काळी माती पाणी धरून बसते, आणि गलांड्याच्या मुळाशी पाणी बसलं की मूळ कुजतं. हिरवंगार झाड दुपारी माना टाकतं. आपल्याला वाटतं उन्हानं सुकलं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो, आणि ते झाड दोन दिवसांत जातं. म्हणून काळीत वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करायचा, त्यात पाट्या-दोन पाट्या मुरूम किंवा वाळू मिसळायची आणि पाण्याला उतार ठेवायचा. मोरीच्या जवळ वाफा असावा, मोरीच्या डबक्यात नसावा.

बी कृषी सेवा केंद्रात मिळतं, आणि ज्यांच्याकडं आधीपासून आहे त्यांच्याकडून मागून घेतलं तर पैसेही लागत नाहीत. बी हलकं असतं, खाली टोकदार आणि वर कागदी पिसांचा झुबका. म्हणून ते खोल पेरायचं नाही. फुटकी पाटी, जुना टब, तेलाचा कापलेला डबा, काहीही घ्या, खाली पाणी निघायला भोकं पाडा. अर्धी माती, अर्धं चाळलेलं कुजकं शेणखत. त्यावर बी विरळ पसरून वर चिमटीनं बारीक माती भुरभुरायची, बी जेमतेम झाकेल एवढीच. पाणी ओतायचं नाही, हातानं शिंपडायचं. आठ-पंधरा दिवसांत उगवतं. तोवर पाटी कोंबड्यांपासून लांब ठेवा. कोंबडी एकदा त्या मऊ मातीत पाय मारून गेली की परत सुरुवातीपासून. साधारण महिनाभरात रोपाला चार-सहा पानं येतात, तेव्हा वाफ्यात न्यायचं. लावणी संध्याकाळी करा, उन्हं उतरल्यावर. पहिले दहा-पंधरा दिवस मात्र एका दिवसाआड पाणी द्यावंच लागतं. काटक झाड आहे म्हणून रोपाकडूनही तेवढा काटकपणा मागू नका.

पेरल्यापासून फूल हाताशी यायला तीन-साडेतीन महिने लागतात. हे तीन महिने लक्षात ठेवले की सगळं वर्ष आपल्या हातात येतं. जूनच्या शेवटी पेरलं तर नवरात्राला फूल सुरू होतं. सप्टेंबरात पेरलं तर मार्गशीर्षातले गुरुवार सापडतात, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला झाडं ऐन भरात असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेलं उन्हाळ्यातल्या लग्नसराईला येतं. आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा लावणाऱ्यांनी सप्टेंबरची पेरणी धरावी. त्या वेळी रोपाला लागणारं पाणी बहुतेक पाऊसच देतो, आणि पुढं थंडी असते. मात्र पाटी ओट्यावर, पत्र्याखाली ठेवायची, नाहीतर एका जोराच्या सरीत सगळं बी वाहून एका कोपऱ्यात. दसऱ्याला गलांडा विकायचा असा बेत कुणी करू नका. त्या दिवशी झेंडूचं राज्य असतं, गलांड्याला कुणी विचारत नाही. त्याचं काम उरलेल्या वर्षात.

खताबद्दल दोनच वाक्यं. लावताना प्रत्येक खड्ड्यात ओंजळभर कुजकं शेणखत आणि महिन्या-दीड महिन्यानं पातळ केलेलं शेणपाणी, एवढं पुरे. युरिया घातला की झाड पानांनी माजतं, फुलं मागं पडतात आणि मावा हमखास येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याच्यावरून घरोघरी वाद होतात. फूल तोडायचं की ठेवायचं? गटात आम्ही पाहिलं आहे, कष्टानं लावलेल्या झाडाला पहिली फुलं आली की बायका तोडत नाहीत. सासूबाईही म्हणतात, "राहू दे, झाडावरच शोभतंय." शोभतं खरं. पण झाड शोभेसाठी फुलत नाही, ते बी करण्यासाठी फुलतं. गलांड्याचं एक फूल म्हणजे खरं तर बारीक बारीक पुष्कळ फुलांचा गुच्छ असतो. कडेच्या पाकळ्या आणि मधला डोळा, त्या डोळ्यातल्या प्रत्येक ठिपक्याचं एक बी होतं. पाकळ्या गळून गोल बोंड राहिलं आणि त्यात बी भरायला लागलं की झाडाला वाटतं, आपलं काम झालं. मग ते नव्या कळ्या काढायच्या मागं लागत नाही. झाडाची सगळी ताकद बोंडात जाते. दोन महिन्यांत झाड म्हातारं दिसायला लागतं आणि आपण म्हणतो, बियाणं चांगलं नव्हतं.

म्हणून फुलं तोडत राहायची, दर दोन-तीन दिवसांनी. पूर्ण उमललेलं, रंग भरलेलं फूल सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन तापायच्या आधी तोडायचं. पूजेला आणि हाराला नुसतं फूल चालतं. फुलदाणीत ठेवायचं तर लांब दांडा ठेवून कापायचं, पाण्यात ते चार-सहा दिवस सहज टिकतं. जे फूल तोडायचं राहून गेलं आणि सुकलं, तेही काढून टाकायचं. नुसत्या पाकळ्या उपटून नव्हे, तर दांडा धरून खालच्या पहिल्या पानापर्यंत खुडायचं. तिथून नवा फुटवा येतो. हे काम पाच मिनिटांचं आहे, चहाला आधण येईपर्यंत होतं. आमच्या गटात ज्या घरी शाळेतल्या पोरांना हे काम लावून दिलं आहे, तिथली झाडं सगळ्यात जास्त दिवस फुलत राहतात. पोरांना खुडायला मजा येते आणि आई ओरडतही नाही.

त्याच्या आधीची एक गोष्ट राहिली. रोप वाफ्यात लागून वीतभर झालं की त्याचा शेंडा खुडायचा. जीवावर येतं, पण खुडला की बाजूनं फांद्या फुटतात, झाड पसरतं आणि एका शेंड्याच्या जागी पाच-सहा फांद्यांना कळ्या येतात.

रोगकिडीचा फार त्रास नसतो. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, फुलात बारीक फुलकिडे दिसतात, उन्हाळ्यात पानामागं लाल कोळी जाळी करतो. निंबोळीची पूड ५० ग्रॅम घ्या, रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, त्यात थोडा साबण विरघळवा आणि संध्याकाळी पानांच्या खालून-वरून फवारा. आठवड्यानं परत एकदा. जे झाड मुळाशी कुजून गेलं ते उपटून लांब टाका, त्या जागी लगेच दुसरं लावू नका. बाजारातलं विष या वीस झाडांसाठी आणायचं नाही. शेजारीच आपली कोथिंबीर असते आणि फुलांवर मधमाश्या असतात. मधमाशीचं तर खास सांगायला हवं. भोपळा, दोडका, कारलं यांच्या नर फुलातला पराग मादी फुलात न्यायला माशीच लागते. भाजीच्या वाफ्याशेजारी गलांडा असला की माश्यांची ये-जा वाढते. परसबागेत फुलं कशाला, असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर देता येईल. आणखी एक, काही जणींच्या हाताला गलांड्याच्या पानांनी खाज सुटते. असं होत असेल तर हातात पिशवी घालून तोडा आणि नंतर हात धुवा.

पैशाचं काय, हे तुम्ही विचारणारच. खरं ते सांगतो. वीस झाडांवर कुणी श्रीमंत होत नाही. सुट्ट्या फुलांचा भाव वर-खाली होतो, आणि सगळ्यांकडं एकदम फूल आलं की पडतो. ज्यांना शेतात गुंठ्यांवर लावायचा आहे त्यांचं गणित वेगळं, त्यांनी मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन नीट चौकशी करावी. आपण घरापुरतं बोलू. रोज देवासाठी दहा रुपयांची फुलपुडी घेणारं घर असेल, तर महिन्याचे तीनशे आणि वर्षाचे साडेतीन हजारांच्या वर होतात. गटात आपण महिन्याला शंभर-दोनशे बचत टाकताना किती ओढाताण करतो! ती पुडी बंद झाली तर बचतीचा हप्ता तिथंच निघाला. त्यापुढचं म्हणजे, दहा-बारा घरांत झाडं असली तर गावातल्या गावात हारांची मागणी गट भागवू शकतो. शाळेतला सत्कार, ग्रामपंचायतीचा कार्यक्रम, बारसं, वास्तुशांत. हार ओवणाऱ्या हातांना त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, हे मात्र आधी ठरवून घ्या. "घरचीच फुलं आहेत की, दे ना तसाच" असं म्हणणारे फार. फुलं घरची असली तरी सुई-दोरा आणि दोन तास कुणाचे तरी असतात. गटाच्या वहीत हारांचं वेगळं पान ठेवा, कुणी किती फुलं दिली, कुणी किती हार ओवले, पैसे त्याच दिवशी वाटा. बँकेतून फिरून येणाऱ्या पैशापेक्षा हातात पडलेले पन्नास रुपये बाईला जास्त आपले वाटतात, असा आमचा अनुभव आहे.

फुलांवरून आणखी एक बोलायचं आहे, जरा जड आहे. आमच्या गटात सगळ्यात सुबक हार ओवणाऱ्या एक आक्का आहेत. त्यांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. वाफा त्यांचा, फुलं त्यांची, हार त्यांच्या हातचे. आणि हळदीकुंकू निघालं की त्या दाराच्या आत, एका बाजूला बसायच्या. फूल कुणी त्यांच्या हातात देत नव्हतं. हे आपल्याकडे घरोघर आहे, कुणी मुद्दाम दुष्टपणानं करतं असंही नाही, चालत आलं म्हणून चालतं. पण आता ते बदलायला आपल्याला आधार आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, हे आमच्या गावात होणार नाही, असं गावानं ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही असं करण्याबद्दल परिपत्रक काढलं. आणि ज्यांनी हा विषय गावोगाव मांडला ते प्रमोद झिंजाडे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळ्याचे. आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं त्यांनी प्रतिज्ञापत्रच केलं होतं. आम्ही गटात काही भाषण केलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गटातल्या प्रत्येकीच्या हातात गलांड्याचं एक फूल द्यायचं ठरलं, प्रत्येकीच्या म्हणजे प्रत्येकीच्या, आणि द्यायला सुरुवात आक्कांपासून केली. दोन म्हाताऱ्यांनी तोंड फिरवलं. आक्कांनी फूल घेतलं, थोडा वेळ हातात धरलं आणि कानामागं खोचलं. यंदा तुमच्या गटात हळदीकुंकू असेल तेव्हा वाफ्यातली फुलं मोजून ठेवा, कुणालाही कमी पडू नयेत.

उन्हाळ्याचं सांगून आटोपतो. एप्रिलमध्ये झाडं थकलेली दिसतात. ज्यांच्याकडं सांडपाणी पुरतं आहे त्यांनी झाड जमिनीपासून वीतभर ठेवून वरचं कापून टाकावं, बुडाशी ओंजळभर खत घालावं आणि वाळलेला पाला, उसाचं पाचट किंवा तुरीचा भुसा पसरावा, म्हणजे ओल टिकते. काही झाडं पावसाळ्यात परत फुटतात, काही जातात. जाणाऱ्यांचं वाईट वाटून घेऊ नका. हे झाड मुळात फार वर्षं जगणारं नाही, ते बियांवर पुढं जातं. टंचाईच्या वर्षी तर सरळ झाडं काढून टाका आणि पाणी भाजीला, जनावराला द्या. बी डब्यात असलं की पुढचा सप्टेंबर आपलाच आहे.

आणि बी धरायचं कसं, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाडं चांगली असतानाच. वाफ्यातली दोन-तीन उत्तम झाडं निवडा, त्यांच्या फांदीला रंगीत दोरा बांधा आणि घरात सांगून ठेवा की दोऱ्याच्या फांदीवरचं फूल कुणी तोडायचं नाही. बाकीच्या झाडांवरची तोडणी चालूच ठेवायची. पाकळ्या गळतील, बोंड फुगून गोल, राखाडी-तपकिरी होईल. बोटानं दाबलं की बी सुटून येतं, तेव्हा ते तयार. जास्त दिवस ठेवलं तर वाऱ्यावर उडून जातं, आणि मग पुढच्या पावसात शेजारणीच्या अंगणात उगवतं. त्यालाही आमची हरकत नाही. काढलेली बोंडं सावलीत कागदावर आठवडाभर वाळवा, चोळून बी मोकळं करा, कागदाच्या पुडीत बांधा आणि पुडी डब्यात टाका. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहून बुरशी येते, म्हणून कागद किंवा फडकंच बरं. पुडीवर महिना आणि रंग लिहा. रंग अगदी तसाच येईल असं नाही हं. मधमाश्या एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, त्यामुळं लालच्या पोटी पिवळा आणि पिवळ्याच्या पोटी दुरंगी निघतो. ते वर्षभर टिकतं, त्यापुढं उगवण कमी होत जाते, म्हणून जुनं साठवून ठेवू नका.

आमच्या गटानं पुड्या बांधून ठेवल्या आहेत. ज्यांना हवं त्यांनी आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीला येताना रिकामी काडेपेटी आणा, तेवढ्यात वीस झाडांचं बी आरामात बसतं. आणि पाटीला खाली भोकं पाडायला विसरू नका.